हंपीच्या खडकांत एक दिवस

लग्नाला पंचवीस वर्षे पूर्ण झाली म्हणजे उभयतांनी काय करावे, याविषयी आमच्या गावात दोन मते आहेत. एका मताप्रमाणे उपकारस्तुतीची मिस्सा अर्पण करवून सर्वांना जेवण घालावे. दुसऱ्या मताप्रमाणे मिस्सा अर्पण करवून स्वस्थ घरी बसावे. आमच्या थोरल्या मुलीने तिसरेच मत काढले. ती बेंगळूरु येथे परिचारिका आहे. नाताळच्या सुटीत घरी आली, तेव्हा तिने लोंढ्याहून होस्पेटपर्यंतची आगगाडीची दोन तिकिटे आमच्या हाती ठेवली आणि म्हणाली, "तुम्ही दोघे आजवर दोघेच असे कधी कोठे गेला नाहीत. जुन्या गोव्याच्या फेस्ताला गेलात, तेही सारा गाव बरोबर घेऊन. आता हंपीला जाऊन या. गुरे मी पाहते."

तिचे म्हणणे खरे होते. परंतु त्या तिकिटांकडे पाहून आम्हां दोघांच्याही मनात जो किंचित संकोच उभा राहिला, तो तिला ठाऊक नव्हता. घरात माणसे असली, गुरेढोरे असली, शेतीची कामे असली म्हणजे बोलायला विषय अपुरे पडत नाहीत. दोघेच असलो म्हणजे मात्र जे बोललेले नाही तेही शेजारी येऊन बसते. आमच्या संसारात असा एक विषय होता. सात वर्षे आम्ही त्याच्या अवतीभवतीने चालत होतो; त्याच्या अंगाला हात लावीत नव्हतो. तो कोणता, ते पुढे येईलच.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही निघालो. खानापूरकडील आमचा मुलूख म्हणजे दाट झाडी, भातशेते आणि तांबड्या जांभ्या दगडाची घरे. अळणावर मागे पडले तशी झाडी विरळ झाली. धारवाड, हुबळी गेल्यावर काळी जमीन लागली. गदगच्या पुढे आकाश फार मोठे झाले. कोप्पळ येताच मात्र पृथ्वीने आपला वेषच पालटला. कोणी महाकाय मुलाने गोट्या खेळता खेळता डाव अर्धा टाकून निघून जावे, तसे दगडांचे ढीग दोन्ही बाजूंस दिसू लागले. तुंगभद्रा ओलांडून गाडी होस्पेटला पोहोचली. दुसरे दिवशी रविवार होता. तेथील देवळात आम्ही मिस्सा ऐकली. भाषा कानडी, पण विधी तोच, भाकर तीच आणि गुडघे टेकणारी माणसेही आपल्यासारखीच. परक्या गावी आपले देऊळ सापडले म्हणजे गाव निम्मे आपले होते.

सोमवारी पहाटे आम्ही बसने हंपीस गेलो. होस्पेटपासून हे अंतर सुमारे तेरा किलोमीटर आहे. विजयनगरच्या साम्राज्याची ही राजधानी. इ. स. १३३६ मध्ये स्थापन झालेल्या या राज्याचा वैभवकाळ कृष्णदेवरायाच्या कारकीर्दीत, म्हणजे १५०९ ते १५२९ या वर्षांत आला आणि १५६५ च्या लढाईनंतर हे शहर लुटले जाऊन ओस पडले. या अवशेषांची गणना १९८६ पासून जागतिक वारशात झालेली आहे. हे सारे आम्ही शाळेत शिकलो होतो. परंतु शाळेतील पुस्तकाने आम्हांस एक गोष्ट सांगितली नव्हती. ती ही की, हंपीत देवळे व राजवाडे हे पाहुणे आहेत आणि खरे यजमान तेथील खडक आहेत.

मातंग टेकडीची वाट विरूपाक्षाच्या समोरील लांबलचक बाजारपेठेच्या पूर्व टोकाला, एका अखंड दगडातून कोरलेल्या प्रचंड नंदीजवळ सुरू होते. अजून उजाडले नव्हते. पायऱ्या ओबडधोबड, कोठे उखडलेल्या; कोठे तर पायरीऐवजी नुसता उतरता कातळच. दोन्ही अंगांस घराएवढे गोल धोंडे. एका धोंड्यावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा, आणि मधल्या फटीतून पहाटेचे आभाळ दिसते. जरा धक्का लागला तर सारे गडगडत खाली येईल, असे वाटून आम्ही क्षणभर पावले चोरून टाकू लागलो.

"अहो, हे पडत कसे नाहीत?"

"अगं, पडायचे असते तर आपली वाट पाहत थांबले असते का?"

उत्तर थट्टेचे होते, पण अगदीच चुकीचे नव्हते. हे धोंडे कोणी आणून रचलेले नाहीत, की डोंगरावरून घरंगळत आलेले नाहीत. ते जेथे आहेत तेथेच घडलेले आहेत. हा दगड म्हणजे ग्रॅनाइट. पृथ्वीच्या पोटात, फार खोल, तप्त रस सावकाश थंड होऊन तो तयार झाला. त्याचे वय अडीचशे कोटी वर्षांच्या आसपास मोजतात. सह्याद्रीचा आपला काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. म्हणजे हंपीचा खडक त्याच्या जवळजवळ चाळीसपट जुना. वरचे थर युगानुयुगे झिजून गेले, ओझे उतरले, तसा हा खडक वर येत गेला आणि त्याला उभ्या-आडव्या भेगा पडल्या. त्या भेगांतून पाणी आत शिरले. चौकोनी ठोकळ्याचे कोपरे दोन-तीन बाजूंनी भिजतात, म्हणून ते आधी कुजतात. ठोकळा हळूहळू गोल होतो. कांद्याचा पापुद्रा सुटावा तसे त्याचे थर सुटतात. पुढे पावसाने कुजलेली माती वाहून नेली आणि आतले टणक गोळे एकमेकांवर बसल्या जागी उघडे पडले. ज्याचा भार नेमका खालच्याच्या अंगावर उतरत होता तो राहिला. ज्याचा उतरत नव्हता तो केव्हाच कोसळला. आज जे उभे दिसतात ते उरलेले होत.

माथ्यावर वीरभद्राचे देऊळ आहे. तेथल्या कट्ट्यावर आम्ही बसलो आणि सूर्य वर आला. प्रथम दूरच्या टेकड्यांच्या कडा तांबूस झाल्या. मग धोंड्यांचे माथे. मग सावकाश, जिन्यावरून उतरावे तसा, प्रकाश खाली उतरला. पश्चिमेस विरूपाक्षाचे नऊ मजली गोपुर, एका बाजूस चकाकणारी तुंगभद्रा, खाली अच्युतरायाच्या देवळाचे प्राकार आणि त्यांमधून केळीची हिरवीगार शेते. आणि या सर्वांना वेढून, जिकडे पाहावे तिकडे, दगडच दगड. इतके दिवस आम्हांस वाटे की दगड म्हणजे करडा रंग. त्या सकाळी आम्ही गुलाबी दगड पाहिले, मधाच्या रंगाचे पाहिले, आणि सावलीतले जांभळे पाहिले.

येथे आम्हांस आपल्याच बाजूच्या एका जुन्या प्रवाशाची आठवण झाली. दोमिंगो पाएस नावाचा एक पोर्तुगीज १५२० च्या सुमारास या शहरी आला होता. त्या काळी अरबस्तानातील घोडे समुद्रमार्गे गोव्यास उतरत आणि तेथून विजयनगरास विकले जात. त्यामुळे पोर्तुगीजांचे इकडे येणेजाणे असे. पाएसने या शहराचे सविस्तर वर्णन लिहून ठेवले आहे. शहराचा आकार किती, हे त्याला सांगता येईना, कारण मध्ये टेकड्या असल्यामुळे एका जागेवरून सारे शहर दिसत नसे. म्हणून तो एका टेकडीवर चढला आणि तेथून जे दिसले त्यावरून त्याने या नगरीची बरोबरी रोमशी केली. एका कॅथलिक माणसाने ही तुलना करावी, याचा अर्थ आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. त्यानंतर पन्नास वर्षे पुरी होण्याच्या आतच ती नगरी उजाड झाली. खडक मात्र पाएसने पाहिले तसेच आहेत.

उतरताना चप्पल तुटली. कोणाची, ते सांगत नाही. निघण्यापूर्वी दुसऱ्याने "बूट घ्या" असे दोनदा सांगितले होते, एवढेच नमूद करतो. रुमाल फाडून अंगठा बांधला आणि लंगडत लंगडत आम्ही अच्युतरायाच्या देवळाकडे उतरलो. देऊळ रिकामे होते. खांबांवरच्या मूर्ती पाहून, तेथील शांततेला बाध न येईल अशा बेताने थोडा वेळ बसून, समोरच्या ओस बाजारपेठेतून आम्ही नदीकाठी आलो.

नदीकाठची ती वाट विठ्ठल मंदिराकडे जाते. कोठे ती दोन प्रचंड धोंड्यांच्या मधून, वर तिसऱ्याचे छप्पर घेऊन, बोगद्यासारखी निघते. याच वाटेवर आम्हांस ते चिन्ह प्रथम दिसले. एका मोठ्या धोंड्याच्या अंगावर चौकोनी खाचांची एक सरळ ओळ होती, जणू शिवणीचे टाके. जवळच दुसरा धोंडा तशाच ओळीवर मधोमध दुभंगलेला होता. दोन्ही फाळक्यांच्या कडेला अर्ध्या अर्ध्या खाचा, दात विचकल्यासारख्या.

तेथे सावलीत एक म्हातारे गृहस्थ शहाळी विकत बसले होते. आमचे कानडी बेळगावकडचे, त्यांचे बळ्ळारीकडचे. पण शहाळ्याच्या निमित्ताने दोन्हींची गाठ पडली. त्यांनी उमेदीच्या वयात पाथरवटाचे काम केले होते. आम्ही त्या खाचांविषयी विचारले.

"अज्जा, एवढा धोंडा फोडायला केवढा घण लागत असेल?"

म्हातारा हसला. म्हणाला, "घणाने हा दगड फुटत नाही, ताई. घण मारला तर टवका उडतो आणि घणच परत येतो. आमची जुनी माणसे सांगत, की ओळीने खाचा पाडायच्या, त्यांत वाळलेल्या लाकडाच्या पाचरी बसवायच्या आणि वर पाणी ओतायचे. मग घरी जाऊन निजायचे. लाकूड रात्रभर गुपचूप फुगत राहते. सकाळी येऊन पाहावे तो दगडाचे दोन तुकडे झालेले."

"आणि हा? याला खाचा आहेत, पण हा तर फुटलेला नाही."

"कोण जाणे. पाचरी मारल्याच नसतील, नाहीतर पाणी घालण्याआधी कोणी काढल्या असतील. पाचर नुसती असून काही होत नाही. तिला पाणी मिळाले म्हणजे होते."

आम्ही शहाळ्याचे पैसे दिले आणि पुढे निघालो. बराच वेळ कोणी बोलले नाही. अडीचशे कोटी वर्षांचा पाषाण, ज्याला वादळ हलवीत नाही आणि घण भेदीत नाही, तो एका वाळक्या लाकडाने आणि लोटाभर पाण्याने एका रात्रीत दुभंगतो! आपल्या भाषेत "पाचर मारणे" असा वाक्प्रचार आहे. तो आम्ही शेकडो वेळा वापरला असेल. त्याचा अर्थ त्या दिवशी आम्हांस डोळ्यांनी दिसला. आणि आम्हां दोघांनाही, एकमेकांस न सांगता, एकच गोष्ट आठवली.

ती गोष्ट अशी. सात वर्षांपूर्वी धाकट्या भावाला आखातात नोकरीस जावयाचे होते. आम्हांपैकी जो पती, त्याने ओढ्याकाठचे शेत गहाण ठेवून त्याला पैसे दिले, आणि पत्नीला ते विचारले नाही, सांगितलेही नाही. तिला ते बाहेरून कळले. भावाने पैसे परत केले, पण उशिरा. तेवढ्या अवधीत मुलीच्या परिचारिकेच्या शिक्षणाचे एक वर्ष वाया गेले. आम्हांपैकी जी पत्नी, ती त्यावर घरात एक शब्दही बोलली नाही. परंतु माहेरी जाऊन तिने ते सर्व सांगितले, आणि ते फिरत फिरत पतीच्या कानी आले. त्यानेही तोंड उघडले नाही. शेत सुटले, मुलगी शिकली, नोकरीस लागली. तरी ती पाचर जेथल्या तेथे राहिली. कधी एखाद्या लग्नाच्या खर्चावरून, कधी भावाच्या पत्रावरून, तिच्यावर थोडे थोडे पाणी पडत राहिले. वरून पाहणाऱ्याला आमचा संसार अखंड दिसत होता, आणि जपमाळही आम्ही रोज एकत्रच करीत होतो.

दुपारपर्यंत आम्ही विठ्ठल मंदिरात होतो. तेथील दगडी रथ पाहण्यास फार गर्दी होती. २०१७ साली निघालेल्या पन्नास रुपयांच्या नोटेवर तोच रथ छापलेला आहे, आणि पुष्कळ मंडळी नोट हातात धरून पडताळा पाहत होती. मराठी माणसाला या देवळाविषयी एक वेगळीच ओढ असते. पंढरपूरची विठ्ठलमूर्ती विजयनगरास नेली गेली होती आणि संत एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली, अशी वारकऱ्यांची परंपरा सांगते. एवढ्या दूरच्या मुलखात, कानडी बोलीच्या गराड्यात, आपल्या भाषेची ही आठवण भेटावी, याचा आम्हांस आनंद झाला.

नदीत टोपलीसारख्या वाटोळ्या नावा चालत होत्या. बांबूच्या कामट्या विणून त्यांवर बाहेरून आवरण घालतात. इकडे त्यांस हरिगोल म्हणतात. पाएसनेही वाटोळ्या टोपल्यांसारख्या, बाहेरून चामड्याने मढविलेल्या नावा येथे पाहिल्या होत्या. आम्ही अशा एका नावेत थोडा वेळ बसलो. तिला पुढचे-मागचे टोक नाही. एकाच बाजूस भार पडला तर ती कलते आणि गरगरते. नावाडी म्हणाला, "समोरासमोर बसा." आम्ही समोरासमोर बसलो. समोरासमोर बसल्यावर एकमेकांच्या तोंडाकडे पाहण्यावाचून दुसरा इलाज नव्हता.

उन्हे कलल्यावर आम्ही हेमकूटावर आलो. ही टेकडी चढावयास सोपी. एकच एक विस्तीर्ण कातळ उतरत गेलेला, त्यावर लहान लहान जुनी देवळे, आणि पलीकडे सूर्यास्त. दिवसभर तापलेला कातळ अजून ऊबदार होता. ती तुटकी चप्पल बाजूला काढून ठेवली. सूर्य टेकड्यांना टेकण्यास थोडाच अवकाश होता. राग मनात असताना सूर्य मावळू देऊ नये, ही संत पौलाची शिकवण आम्ही देवळात कितीदा ऐकली होती! आम्ही तर सात वर्षांचे सूर्य मावळू दिले होते.

"तो शहाळेवाला काय म्हणाला, ऐकलेस ना?"

"ऐकले. सकाळपासून तेच ऐकते आहे."

"शेताचे मी तुला विचारायला हवे होते. तू नको म्हणशील, म्हणून विचारले नाही. खरे कारण हेच."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मी नको म्हटले नसते. मुलीचे वर्ष जाऊ नये, एवढेच म्हटले असते. आणि मी आईकडे जाऊन जे बोलले, ते तुमच्यापुढे बोलायला हवे होते. तिकडे सांगितले, म्हणजे तुमचीच अब्रू बाहेर ठेवली. ते मला पुढे कळले. पण तोवर बोलायचे राहून गेले ते राहूनच गेले."

एवढेच बोलणे झाले. कोणी रडले नाही, कोणी हात जोडले नाहीत. आजूबाजूला माणसे सूर्याची छायाचित्रे काढीत होती. त्यांना काही कळले नाही. सहा वाजून गेल्यावर सूर्य धोंड्यांच्या मागे उतरला आणि आम्ही तेथेच बसून हळू आवाजात आंजेलसची प्रार्थना म्हटली. उतरताना एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर होता. कारण चप्पल तुटली होती, हे खरे. पण तेवढेच कारण नव्हते.

ज्या वाचकांना हंपीस जावयाचे असेल, त्यांच्यासाठी दोन शब्द. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. उन्हाळ्यात तो दगड चुलीसारखा तापतो. मातंग टेकडी अंधारात किंवा एकट्याने चढू नये. पायरी निसटती आहे आणि वाट निर्जन आहे. पाणी बरोबर घ्यावे आणि पायांत बूट घालावेत. वृद्धांनी विठ्ठल मंदिरापर्यंत विजेवर चालणाऱ्या गाड्यांतून जावे आणि सूर्यास्तासाठी हेमकूटावर यावे. तेथे फारसे श्रम पडत नाहीत. धोंड्यांवर नावे कोरण्याची दुर्बुद्धी कोणी करू नये. त्यांच्यावर आधीच पुष्कळ खाचा आहेत.

रात्री मुलीचा फोन आला. "कसे वाटले?" तिने विचारले. "दगड फार आहेत," आम्ही म्हणालो. तिला ते उत्तर फारसे समाधानकारक वाटले नसावे. परंतु दुसरे काय सांगणार? अनेक संसार आमच्यासारखेच बाहेरून अखंड असतात. मोठ्या आघातांनी, म्हणजे दुष्काळाने, आजाराने, मृत्यूनेही, ते फुटत नाहीत. उलट पती-पत्नी एकमेकांस अधिकच बिलगतात. फोडते ती न बोललेली लहानशी गोष्ट, रात्रीच्या रात्री गुपचूप फुगत राहणारी. वाचकहो, आपल्या घरी अशी एखादी पाचर असेल, तर ती काढण्यासाठी हंपीस जाण्याची गरज नाही. आज संध्याकाळी जपमाळ संपली म्हणजे क्षणभर समोरासमोर बसावे. खाच तशीच राहील, आमचीही राहिली आहे. पण नदीकाठच्या त्या धोंड्याप्रमाणे, खाच अंगावर असूनही, अखंड राहता येते.